शालेय सहल आणि प्राणिसंग्रहालय : वालचंदनगर ते कात्रज

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील शाळांत सहलीच्या याद्या होऊ लागतात. एसटीची गाडी सवलतीच्या दरात मिळवायची, पालकांची संमतिपत्रे गोळा करायची आणि पहाटेच्या अंधारात निघायचे, हा क्रम वर्षानुवर्षांचा. वालचंदनगरहून पुण्याकडे निघालेल्या सहलीचे थांबेही बहुधा ठरलेले असतात. जेजुरीचा खंडोबा, शनिवारवाडा, केळकर संग्रहालय आणि कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून आलेली मुले भर दुपारी कात्रजला उतरतात आणि तासाभरात वाघ, हत्ती, मगर पाहून पुन्हा गाडीत बसतात. या तासाभरात मुले नेमके काय शिकतात, हा प्रश्न शाळेच्या सहल अहवालात सहसा येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने मात्र तोच मुख्य प्रश्न आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. त्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने वन्यप्राण्यांच्या संवर्धनाला हातभार लावणे हे प्रमुख उद्दिष्ट ठरविले आणि लोकांत वन्यजीवांविषयी जाण निर्माण करणे हे त्याचेच अंग मानले. करमणूक हे उद्दिष्ट त्यात नाही. प्राण्यांना चिडवणे, इजा करणे, खायला घालणे, आरडाओरडा करून त्रास देणे किंवा आवारात कचरा टाकणे हा कायद्याच्या कलम ३८ जे नुसार गुन्हा आहे. प्राण्यांना निवांतपणा मिळावा म्हणून आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवले जाते. कात्रजला हा दिवस बुधवार. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने बंद दारावरून परत फिरलेल्या सहलींची संख्या थोडीथोडकी नसावी.

पुण्यातील प्राणिसंग्रहालयाचा इतिहासच या बदललेल्या दृष्टीची साक्ष देतो. सारसबागेलगतच्या पेशवे उद्यानात पुणे महापालिकेने १९५३ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू केले. १९५६ मध्ये तेथे 'फुलराणी' धावू लागली आणि पुणे जिल्ह्यातील दोन पिढ्यांच्या बालपणात पेशवे पार्कने घर केले. परंतु शहराच्या मध्यभागी, वाहनांच्या गोंगाटात आणि अरुंद पिंजऱ्यांत प्राणी ठेवणे नव्या निकषांत बसणारे नव्हते. १९९९ मध्ये कात्रज तलावाच्या परिसरात, सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत पेशवे उद्यानातील प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे हलविण्यात आले. गजांऐवजी खंदक आणि मोकळी जागा ही येथील रचना जर्मनीतील कार्ल हागेनबेक यांनी हॅम्बुर्गजवळ १९०७ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीची आहे. या रचनेची एक अडचण असते. प्राण्याला दडायला जागा मिळते, त्यामुळे तो दिसेलच याची हमी नसते. 'वाघ दिसलाच नाही' अशी तक्रार करणाऱ्या मुलांना वाघ दिवसाचा बराच काळ झोपतो, हे कोणी सांगितले तर ती तक्रारच धडा ठरेल. ते सांगणारे मात्र कोणी तरी सोबत असावे लागते.

सर्पोद्यानाचे महत्त्व

कात्रजच्या आवारात प्राणिसंग्रहालयाहून जुनी संस्था आहे ती सर्पोद्यान. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने ते १९८६ मध्ये सुरू झाले. खैरे यांनी १९८० मध्ये काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहून दाखविले होते. विनाकारण डिवचले नाही तर साप माणसाच्या वाटेला जात नाही, हे लोकांना पटवून देणे हा त्यामागचा हेतू. हाच विचार पुढे सर्पोद्यानाच्या प्रबोधनाचा पाया ठरला.

वालचंदनगर परिसरातून येणाऱ्या मुलांसाठी प्राणिसंग्रहालयातील सर्वांत उपयोगाचा भाग कोणता, असे विचारले तर उत्तर वाघ नव्हे, हत्तीही नव्हे. सर्पोद्यान हेच आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि कोरडवाहू मुलूख उसाचा झाला. उसात उंदीर आले, उंदरांमागे साप आले. देशात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज वर्षाला सरासरी ५८ हजारांचा आहे. त्यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप माणसाच्या बहुतेक मृत्यूंना कारणीभूत मानले जातात. आपल्याकडील प्रतिसर्पविष याच चारांच्या विषावर बेतलेले आहे.

पुस्तकातील चित्रावरून हे साप ओळखणे अवघड असते. घोणस आणि अजगराचे पिल्लू यांत मोठ्या माणसांचीही गफलत होते. बिनविषारी कवड्या हा मण्यारीसारखाच दिसतो. काचेपलीकडे दोन हातांवर जिवंत साप असला, की मुले फरक टिपतात. घोणशीच्या पाठीवरील साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, कुकरच्या शिट्टीची आठवण करून देणारा तिचा फुत्कार, मण्यारीच्या निळसर काळ्या अंगावरील पांढरे आडवे पट्टे या खुणा एकदा डोळ्यांत बसल्या की सहसा पुसल्या जात नाहीत. धामण दाखविताना ती एका हंगामात किती उंदीर फस्त करीत असेल, याचा हिशेब मुलांनाच मांडायला लावता येतो. शेतकऱ्याच्या घरातील मूल हा हिशेब आवडीने करते.

मण्यारीचा विषय तर या भागात विशेष जिव्हाळ्याचा. ती रात्री वावरते, अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून येणारी ऊसतोड कुटुंबे फडाच्या कडेला कोप्या टाकून जमिनीवर झोपतात. त्यांची मुले याच परिसरातील शाळांत किंवा साखरशाळांत बसतात. उंच बाजेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये, दंश झाल्यास तो भाग हलवू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात जावे, एवढ्या गोष्टी सर्पोद्यानातील अर्ध्या तासात सांगून होतात. सहलीत नेहमी पुढच्या बाकावरची, फी भरू शकणारी मुलेच असतात आणि कोपीतील मूल मागे राहते, ही शाळांनी विचार करण्याजोगी बाब आहे.

बिबट्याबाबतही असेच. जुन्नर, शिरूर भागात उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्ले घालते आणि तोडणीच्या वेळी ती पिल्ले मजुरांना सापडतात, हे आता नवीन राहिलेले नाही. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्रच उभारावे लागले. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाट मनुष्यवस्तीच्या शेतीप्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते. गेल्या काही वर्षांत बारामती, इंदापूरकडेही बिबट्याचा वावर दिसू लागला आहे. अशा वेळी पिंजऱ्यातील बिबट्या पाहून 'केवढा मोठा' म्हणण्यापेक्षा तो किती लहान जागेत दडू शकतो, हे पाहणे महत्त्वाचे. खाली वाकलेले किंवा बसलेले माणूस त्याला लहान भक्ष्यासारखे भासते. म्हणूनच संध्याकाळी मुलांनी एकट्याने न जाता घोळक्याने, मोठ्याने बोलत जावे, असे वन विभाग सांगत असतो. त्याचे कारण मुलांना येथे उमजू शकते.

मार्गदर्शकाने पडणारा फरक

मार्गदर्शकासह झालेल्या भेटीचा खरोखर उपयोग होतो का, याची मोजदाद लंडनमध्ये झाली आहे. वॉरिक विद्यापीठाचे एरिक जेन्सन यांनी लंडन प्राणिसंग्रहालयाला भेट देणाऱ्या ७ ते १५ वर्षांच्या २,८०० हून अधिक मुलांना भेटीपूर्वी आणि भेटीनंतर एखाद्या प्राण्याच्या अधिवासाचे चित्र नावांसह काढायला सांगितले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्राणिसंग्रहालयाच्या शिक्षकासोबत फिरलेल्या ४१ टक्के मुलांच्या चित्रांत सुधारणा दिसली. शिक्षकाशिवाय फिरलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. फरक आहे, पण डोळे दिपविणारा नाही. दोन्ही गटांतील निम्म्याहून अधिक मुलांच्या समजेत भेटीमुळे सुधारणा दिसली नाही, हेही या आकड्यांतून निघते. केवळ आणून सोडण्याने काम होत नाही आणि तासाभराच्या व्याख्यानानेही ते पूर्ण होत नाही.

या अभ्यासातील चित्राची युक्ती वालचंदनगरच्या कोणत्याही वर्गात बिनखर्चात करता येईल. सहलीच्या आदल्या आठवड्यात मुलांनी 'चिंकाराचे घर' काढावे. बहुतेक चित्रांत घनदाट झाडी, डोंगर आणि धबधबा असेल. कारण पाठ्यपुस्तकाने वन्यप्राणी म्हणजे जंगल असे मनावर ठसविलेले असते. प्रत्यक्षात चिंकारा हा उघड्या, कोरड्या माळाचा प्राणी. त्याची बरीचशी तहान चाऱ्यातील ओलाव्यावर भागते.

हे शिकविण्यासाठी कात्रज गाठण्याचीही गरज नाही. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर चिंकारा मोकळेपणी चरताना दिसतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले, तेही प्रामुख्याने चिंकारासाठी. लांडगा, खोकड, तरस, चंडोल, धाविक, माळटिटवी ही या प्रदेशाची खरी प्रजा. पुणे वन विभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. महसुली भाषेत 'पडीक' गणल्या गेलेल्या या जमिनी मेंढपाळांची चराऊ राने आहेत आणि लांडग्यांची आश्रयस्थानेही. मेंढी गेलेल्या धनगराच्या घरचे मूल आणि लांडग्याचे माहितीपट पाहणारे मूल एकाच वर्गात असेल, तर माळावरची चर्चा कोणत्याही फलकापेक्षा रंगेल. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडे रोहित पक्षी उतरतात. तेथील मच्छीमारच आता नावेतून पक्षी दाखवितात. रोहित गुलाबी का, याचे उत्तर त्याच्या आहारात आहे. बंदिस्त रोहितांच्या खाद्यात रंगद्रव्ये मुद्दाम मिसळावी लागतात, ही माहिती दिली, तर प्राणिसंग्रहालय आणि निसर्ग यांतील अंतर मुलांना आपोआप कळते.

मग कात्रजला जावे कशासाठी? साप जवळून आणि सुरक्षितपणे पाहण्यासाठी, जखमी व अनाथ प्राण्यांची शुश्रूषा समजून घेण्यासाठी आणि प्राणी सांभाळणे हे किती जोखमीचे शास्त्र आहे, हे कळण्यासाठी. जुलै २०२५ मध्ये याच प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत १६ चितळे दगावली आणि तपासणीत लाळ्या-खुरकुताचे निदान झाले. बारामती-इंदापूरच्या दूध उत्पादकांच्या मुलांना हा रोग नवा नाही. गोठ्यातील गाईला लस का टोचतात, हे त्यांना घरीच ठाऊक असते. खूर असलेल्या वन्यप्राण्यांनाही तोच रोग होतो, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

सहल आखताना काही गोष्टी पाळल्या तर तासाभराच्या धावपळीची अर्ध्या दिवसाची भेट होऊ शकते. शनिवारवाडा आणि कात्रज एकाच दिवशी न ठेवता कात्रजला सकाळी दार उघडताच पोचावे. तेव्हा प्राणी हिंडते असतात, दुपारी ते सावली धरतात. त्यासाठी मुक्काम पुण्यात करावा लागेल. ते शक्य नसल्यास त्याच पैशात कडबनवाडी आणि भिगवण अशा दोन सहली होतात. मार्गदर्शकाची विचारणा प्राणिसंग्रहालयाकडे आधी पत्राने करावी. पन्नास-साठ मुलांचा एकच जथा न करता पंधरा-वीसचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाने सगळे पिंजरे पाहण्याऐवजी तीन-चार प्राण्यांजवळ प्रत्येकी दहा मिनिटे थांबून नोंदी कराव्यात. खाऊच्या पिशव्या गाडीतच ठेवाव्यात. परतल्यावर चिंकाराचे चित्र पुन्हा काढून घ्यावे आणि दोन्ही चित्रे वर्गात शेजारी शेजारी लावावीत.