अंगण कुणाचं?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायचं काम संपादक मंडळानं माझ्याकडे सोपवलं. नोंदणी, पाण्याची टाकी, लिफ्ट, रंगकाम हे सगळं अहवालात आलेलंच आहे. म्हणून मी वेगळाच इतिहास सांगणार आहे. तो आपल्या गेटच्या आत येता येता राहिला, आणि त्यात दोष माझाही आहे.

इमारतीचं बांधकाम चालू होतं तेव्हा आपण बरेच जण रविवारी ‘काम कुठवर आलं’ ते बघायला यायचो. रेतीच्या ढिगावर मजुरांची मुलं खेळत असायची. पाच-सहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असायची. माझा मुलगा तेव्हा फी भरून शिशुवर्गात जात होता. दोघं एकाच वयाची, हे त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पण हाच विचार ज्यांच्या मनात पक्का बसला, त्या होत्या ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे दादरला शिशुविहार सुरू झालं, नावाजलंही. पण माँटेसोरी पद्धतीची साधनं महाग, आणि येणारी मुलं बहुतेक सुस्थितीतल्या घरची. गरिबाच्या मुलाला हे कधी मिळणार? हा प्रश्न घेऊन १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या अनुताई वाघ ती नोकरी सोडून त्यांना येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, फी नव्हती, तरी वस्तीतली मुलं येईनात. आई-बाप पहाटेच कामाला जायचे. मोठ्या भावंडाला धाकटं सांभाळायचं, नाहीतर गुरं राखायची. शिवाय ‘ती शाळा आपल्यासाठी नाही’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकोच. तेव्हा ‘यांना शिक्षणाची गोडीच नाही’ असं म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. मुलं येत नाहीत तर आपणच जाऊ, असं ठरवून त्या वस्तीत गेल्या. तिथलंच एक अंगण झाडून घ्यायचं, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी सुरू करायच्या. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं. अंगणात भरते म्हणून ती ‘अंगणवाडी’.

पुढे १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलांत रुजलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून ‘विकासवाडी’ झाली, म्हणजे धाकटं पाळणाघरात राहिलं की थोरलं शाळेत बसायला मोकळं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी गुरुजी चराईच्या रानातच गेले, ती ‘कुरणशाळा’. मुलाची अडचण आधी समजून घ्यायची आणि शाळा तिच्याप्रमाणे बदलायची, एवढी साधी रीत.

शहरातल्या बांधकामांवरही असंच झालं. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी बांधकामाच्या जागीच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि काही वर्षांत मुंबईतही आली. काम संपलं, मजूर हलले की पाळणाघरही हलायचं. १९९६ च्या कायद्यानं पन्नासहून जास्त महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली सक्तीची केली. आता आपल्यासारख्या छोट्या साइटवर पन्नास बायका कुठून असणार!

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आणि तीन ते सहा वयाच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण, सगळं मोफत. मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते चौदा वयाला. त्याआधीच्या वर्षांसाठी शासनानं प्रयत्न करावा, इतकंच आहे. म्हणून या वयात शेजारपाजारच्या माणसांवर बरंच अवलंबून असतं.

आता घरची गोष्ट. आपण राहायला आलो त्यानंतर तीन-चार वर्षांनी सोसायटीतल्या काही भगिनींनी सर्वसाधारण सभेत विषय मांडला. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची लहान मुलं जिन्यात बसून राहतात. अंगणवाडी मोठ्या रस्त्यापलीकडे. दहाला सोडायचं आणि बाराला आणायचं, तर चार घरची कामं कधी करायची? तेव्हा सकाळी दोन तास हॉल द्या, आम्ही शिकवतो. मी त्या वेळी सेक्रेटरी होतो. आवाज होईल, हॉल खराब होईल, आज बसायला दिलं तर उद्या हक्क सांगतील, असे मुद्दे मीच काढले. विषय बारगळला. तळमजल्यावरच्या एका आजींनी मग स्वतःची पुढची खोली दिली. सात-आठ मुलं बसायची. आजी लेकीकडे राहायला गेल्या आणि ते थांबलं.

त्या खोलीत बसलेली एक मुलगी परवा भेटली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘काका, मला पहिलीत अक्षरं आधीच येत होती,’ म्हणाली. मी हॉल नाकारल्याचं तिला माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं धाडस मला झालं नाही. म्हणून इथे लिहितोय.

सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते बारा आपला हॉल रिकामाच असतो. जिन्यात आजही तीन मुलं बसतात. आपण जाता-येता त्यांना पाहतोच. येत्या वार्षिक सभेत हा विषय मी पुन्हा मांडणार आहे. सतरंज्या माझ्याकडून. शिकवायला कोण कोण येणार, तेवढं सभासदांनी कृपया आधी कळवावं.