शीतगृहातून बर्फाच्या मैदानाकडे

गारपीट सोडली तर तासगावकराचा बर्फाशी संबंध येत नाही, आणि गारपिटीचे नाव द्राक्षबागायतदारापुढे काढू नये. पण थंडी विकत घेणे हा मात्र इथला रोजचा व्यवहार आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेडवर वाळलेला बेदाणा प्रतवारी करून शीतगृहात जातो. चार-पाच अंशांच्या गारव्यात त्याचा रंग टिकतो आणि भाव पाहून माल सौद्याला निघतो. या शीतगृहांचे मूळ धुंडाळताना मी एका अनपेक्षित ठिकाणी पोचलो: बर्फावरच्या स्केटिंगच्या मैदानावर. दोघांचे गोत्र एकच आहे.

यंत्र येण्याआधी बर्फ मिळवायची आपली एक देशी रीत होती. रॉबर्ट बार्कर याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले. अलाहाबादकडे हिवाळ्यात उथळ खड्डे खणून तळाशी उसाचा किंवा मक्याच्या वाळल्या ताटांचा थर देत. त्यावर मातीची छोटी, पसरट भांडी मांडून संध्याकाळी पाणी ओतत. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे त्यावर बर्फ धरलेला असे. हवेचे तापमान शून्याच्या वर असले तरी हे घडते, कारण उघड्या आभाळाखाली पाणी आपली उष्णता वर सोडत राहते आणि खालचा थर जमिनीची ऊब अडवतो. आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात एखाद्या पहाटे गवतावर जे हिमकण दिसतात, त्यामागेही हेच कारण आहे.

सिमल्याचे मैदान या रीतीचेच मोठे रूप म्हणावे लागेल. 1920 साली ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थाने तिथे नैसर्गिक बर्फाचे स्केटिंग रिंक सुरू केले. टेनिस कोर्टावरचे पाणी रात्रीत गोठलेले पाहून ही कल्पना सुचली, असे सांगतात. तिथे यंत्र नाही. संध्याकाळी पाणी शिंपडायचे, ते रात्री गोठू द्यायचे आणि सकाळी खेळायचे. ढग आले किंवा ऊन तापले की खेळ बंद. गेल्या काही दशकांत हिवाळे उबदार होत गेले, तसे तिथले खेळाचे दिवसही घटले. शंभर वर्षे निसर्गाने फुकट दिलेली गोष्ट आता भरवशाची राहिलेली नाही.

मग यंत्राकडे वळावे लागते, आणि इथेच शीतगृहाचा धागा हाती येतो. जॉन गॅमजी हा इंग्लंडमधला पशुवैद्य. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून येणारे मांस वाटेत नासू नये म्हणून ते गोठवण्याचे प्रयोग तो करत होता. त्यातूनच 7 जानेवारी 1876 रोजी लंडनच्या चेल्सी भागात त्याचे ‘ग्लेशिॲरियम’ उघडले. यंत्राने गोठवलेले जगातले पहिले रिंक ते हेच. तांब्याच्या नळ्यांतून ग्लिसरीन, ईथर इत्यादींचे थंड केलेले मिश्रण फिरवायचे आणि नळ्यांवरचे पाणी गोठवायचे, अशी योजना होती. कायमच्या जागेतले त्याचे रिंक जेमतेम 40 फूट लांब आणि 24 फूट रुंद होते. भिंतींवर आल्प्सची चित्रे होती, प्रवेश श्रीमंत सभासदांनाच. बर्फावरून उठणाऱ्या धुक्याने लोक कंटाळले आणि प्रयोग लवकरच आटोपला. तत्त्व मात्र टिकले. आजच्या रिंकमध्येही जमिनीखालच्या नळ्यांतून गोठणबिंदूखालचा द्रव फिरतो. तो थंड करणारा अमोनियाचा कॉम्प्रेसर आमच्याकडच्या शीतगृहातल्या कामगाराला परका वाटणार नाही.

यंत्र बसवणे एक आणि ते चालवणे दुसरे. डेहराडूनला जानेवारी 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधले गेले. स्पर्धा संपल्या आणि विजेचा व देखभालीचा खर्च न पेलल्याने ते दशकाहून अधिक काळ बंद पडून राहिले. 2025 साली तिथे पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. शीतगृहाचे वीजबिल ठेवलेल्या मालाच्या भाड्यातून निघते. रिंकमध्ये ठेवायला माल नसतो, असतात ती मुले. त्यांचे भाडे कोणी भरायचे, हा प्रश्न त्या चौदा वर्षांत अनुत्तरित राहिला.

याची झळ महाराष्ट्रालाही बसते. 2020 पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा होतात. गुलमर्गला बर्फातले खेळ, लेहला बर्फावरचे स्केटिंग आणि आइस हॉकी. त्यात स्केटिंगची पदके महाराष्ट्राची मुले आणतात, म्हणजे ज्या राज्यात बर्फ पडत नाही तिथली. यातले बरेचसे चाकांच्या स्केटवर घडलेले असतात. तोल, वळण, दम हे सगळे डांबरी-सिमेंटच्या ट्रॅकवर कमवायचे आणि बर्फाची ओळख करून घ्यायला शेकडो मैल जायचे. ज्याच्या घरी हा खर्च झेपतो तोच पुढे जातो. चेल्सीच्या सभासदांची यादी अशा रीतीने आजही चालूच आहे.

गॅमजीला मांस टिकवायचे होते, त्यातून खेळाचे मैदान निघाले. आपल्याकडे द्राक्षाने आणि बेदाण्याने थंडीचे शास्त्र गावोगाव पोचवले आहे. यंत्र दुरुस्त करणारे हात इथे आहेत, वीज किती जळते याचा पाईपाईचा हिशेब ठेवणारेही आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक रिंक उभारायची चर्चा जेव्हा होईल, तेव्हा वास्तुविशारदांच्या बरोबरीने आमच्या शीतगृहवाल्यांनाही बोलवावे. बर्फ करणे अवघड नाही. तो बारा महिने, परवडेल अशा दरात टिकवणे अवघड, आणि ते त्यांना येते.