सवंग चित्रपट आणि त्यांचे उत्तरकालीन रसिक

चित्रपटाच्या इतिहासलेखनात ज्या कृतींना कलामूल्य नाही असे एकदा ठरले, त्यांचा उल्लेख सहसा तळटिपेतच होतो. कमी खर्चात, थोड्या दिवसांत आणि भय, हिंसा वा कामुकता यांच्या आधाराने तयार झालेले चित्रपट या वर्गात मोडतात. तथापि गेल्या काही दशकांत या उपेक्षित कृतींना एक नवा रसिकवर्ग लाभला आहे. तो हे चित्रपट शोधून काढतो, पुनःपुन्हा पाहतो, त्यांतील संवाद मुखोद्गत करतो. या प्रवृत्तीस ‘कल्ट’ हा शब्द रूढ झाला आहे. हा नवा रसिक मूळ प्रेक्षकाचा वारस आहे की केवळ त्याच्या जागी येऊन बसलेला परका, हा प्रश्न महत्त्वाचा असून मुंबईच्या चित्रव्यवसायातील उदाहरणांच्या आधारे त्याचा विचार येथे केला आहे.

तुलनेसाठी हाँगकाँगचे उदाहरण प्रथम घेणे सोयीचे होईल. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तेथील कँटोनीज बोलपटांची निर्मिती जवळजवळ थांबली होती. पडद्यावर मँडरिनचे वर्चस्व होते. १९७३ साली ‘द हाउस ऑफ सेव्हन्टी-टू टेनन्ट्स’ या चाळवजा वस्तीतील विनोदी चित्रपटाने कँटोनीजला पुन्हा पडदा मिळवून दिला. लोकांची बोली पडद्यावर परतली ती कोणा विद्वत्सभेच्या ठरावाने नव्हे, तर तिकीटबारीच्या जोरावर, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे १९८८ च्या नोव्हेंबरात तेथे चित्रपटांचे त्रिविध वर्गीकरण अमलात आले आणि तिसरा वर्ग अठरा वर्षांवरील प्रेक्षकांपुरता राखून ठेवण्यात आला. हेतू निर्बंधाचा होता. परिणाम मात्र असा झाला की ‘तिसरा वर्ग’ ही निर्मात्यांच्या दृष्टीने जाहिरातच ठरली. ‘डॉक्टर लॅम्ब’ (१९९२), ‘द अनटोल्ड स्टोरी’ (१९९३), ‘इबोला सिंड्रोम’ (१९९६) हे चित्रपट त्याच वाटेने आले. यांपैकी ‘द अनटोल्ड स्टोरी’ हा मकाव येथील १९८५ च्या हत्याकांडावर आधारलेला असून त्यातील भूमिकेबद्दल अँथनी वाँग यांना हाँगकाँगचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कारही मिळाला. जे ‘सवंग’ म्हणून हिणवले गेले, त्यातच अभिनयाचे सामर्थ्य प्रकट व्हावे, ही गोष्ट वर्गवारीच्या मर्यादा दाखवून देते.

मुंबईत या परंपरेची मुळे अधिक जुनी आहेत. १९३३ साली स्थापन झालेल्या वाडिया मूव्हिटोनने परळ येथील आपल्या चित्रशाळेत साहसपटांची मालिकाच काढली. होमी वाडिया यांच्या ‘हंटरवाली’ (१९३५) या चित्रपटाने नादिया या अभिनेत्रीला अफाट लोकप्रियता दिली. पण प्रतिष्ठित समीक्षेने अशा ‘स्टंट’ चित्रपटांची गंभीर दखल क्वचितच घेतली. सुमारे सहा दशकांनंतर, १९९३ साली, रियाद वाडिया यांच्या अनुबोधपटामुळे देशोदेशीच्या महोत्सवांत नादियाचे नाव पुन्हा गाजले. उपेक्षा, विस्मृती आणि पुनर्शोध हा क्रम येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

रामसे बंधूंच्या भयपटांत तोच क्रम अधिक तपशिलाने तपासता येतो. फतेचंद रामसिंघानी हे मूळचे कराचीचे रेडिओ-व्यापारी. इंग्रज गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी आडनावाचे ‘रामसे’ झाले, असे सांगितले जाते. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईत स्थिरावले. त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हा चित्रपट पडला. परंतु मुखवटा चढवलेल्या पृथ्वीराज कपूर यांचा त्यातील चोरीचा प्रसंग पाहून प्रेक्षक शहारतात, हे मुलांनी चित्रगृहात बसून टिपले. या निरीक्षणातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) जन्मास आला. महाबळेश्वर येथे सुमारे चाळीस दिवसांत त्याचे चित्रीकरण झाले. सात भावांनी कामे वाटून घेतली होती : तुलसी व श्याम दिग्दर्शन करीत, कुमार कथा लिहीत, गंगू कॅमेरा सांभाळीत, किरण ध्वनी व अर्जुन संकलन पाहत. पगारी माणसांचा खर्च कुटुंबाने वाचवला. एकत्र कुटुंब हीच येथे निर्मितिसंस्था होती.

‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०) हे या मालिकेतील प्रमुख चित्रपट होत. ‘पुराना मंदिर’चे कथानक राजघराण्याला मिळालेल्या शापावर उभे आहे : त्या कुळातील स्त्री प्रसूतीसमयी मरावयाची. विदेशी भयपटांचा प्रभाव येथे उघड आहे; ‘बंद दरवाजा’तील रक्तपिपासू तर ड्रॅक्युलाचाच भाईबंद. पण शाप, कुळ, प्रसूतीचे भय, त्रिशूळ ही सामग्री परकी नाही. खेड्यापाड्यांत वेताळ, मुंजा आणि हडळ यांच्या कथा ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला हे जग नवे नव्हते. फक्त त्याचा पोशाख नवा होता. त्यातच गाणी आणि विनोदी उपकथानकही असे. ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीप यांच्या ‘मच्छरसिंग’ या पात्राद्वारे चक्क ‘शोले’चे विडंबन आले आहे. भयाचा ताण आणि हास्याची उसंत यांची ही सांगड जत्रेतल्या करमणुकीच्या जवळची आहे.

या चित्रपटांचा पहिला प्रेक्षक भिण्यासाठी येत होता, हे विसरता कामा नये. १९९३ मध्ये रामसे बंधूंची ‘झी हॉरर शो’ ही मालिका सुरू झाली आणि हे भय घरातच येऊन बसले. त्याच वर्षी महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ या मराठी चित्रपटात, रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याच्या रूपाने, भय आणि विनोद यांचे मिश्रण मराठी घराघरांत रुजले. मराठी प्रेक्षकाने तात्या विंचूला ‘कल्ट’ असे नाव दिले नाही. त्याने त्याला आपलासा केला.

दुसरा प्रेक्षक पाश्चात्त्य संग्राहक. पीट टॉम्ब्स यांच्या ‘मोंडो मकाब्रो’ (१९९७) या ग्रंथाने जगभरच्या विलक्षण चित्रपटांची ओळख करून दिली. त्याच नावाच्या संस्थेने पुढे रामसेपट डीव्हीडीवर प्रसिद्ध केले. यामुळे प्रती टिकल्या, ही मोठी सेवा होय. मात्र या दृष्टीला वैचित्र्याचेच आकर्षण अधिक. मध्येच येणारे गाणे तिला विक्षेप वाटते किंवा गंमत वाटते, पण कथनाची देशी रीत म्हणून ते क्वचितच समजते.

तिसरा प्रेक्षक नागर, सुशिक्षित भारतीय तरुण. कांती शाह यांचा ‘गुंडा’ (१९९८) हा चित्रपट प्रदर्शनानंतर काही वर्षांनी संगणकांवरून महाविद्यालयीन वसतिगृहांत पोहोचला आणि तेथे त्याचे संवाद पाठ झाले. त्यातील खलपात्रे यमकबद्ध ओळींत स्वतःचा परिचय करून देतात. नव्या रसिकाला याचे हसू येते, कारण वास्तववादी संवाद हाच त्याचा मानदंड आहे. भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता चित्र निराळे दिसते. पारशी रंगभूमीवरील सानुप्रास व यमकयुक्त गद्य हिंदी बोलपटाला वारशाने मिळाले; प्रतिष्ठित चित्रपटाने ते हळूहळू टाकून दिले, तेव्हा ते तळच्या थरात शिल्लक राहिले. प्रमाणभाषेने टाकलेली रूपे बोलींत टिकून राहतात, त्यासारखाच हा प्रकार आहे. तमाशातील बतावणी ऐकलेल्या मराठी श्रोत्याला त्या यमकांत हास्यास्पद काही वाटण्याचे कारण नाही. अर्थात, त्या संवादांतील स्त्रीविषयक हीनता व क्रौर्य परंपरेच्या नावाखाली क्षम्य ठरत नाही. परंपरा रूपाचे स्पष्टीकरण देते, आशयाचे समर्थन करीत नाही.

अलीकडे या विश्वाकडे सहानुभूतीने पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. आशिम अहलुवालिया यांचा ‘मिस लव्हली’ (२०१२) कान महोत्सवात दाखवला गेला. ‘सिनेमा मरते दम तक’ (२०२३) या अनुबोध-मालिकेत अशा चित्रपटांचे दिग्दर्शक स्वतःच बोलते झाले. तुलसी रामसे २०१८ मध्ये आणि श्याम रामसे २०१९ मध्ये निवर्तले. त्यामुळे अशा प्रत्यक्ष निवेदनांचे मोल वाढले आहे.

एकंदरीत पाहता, उत्तरकालीन रसिकाने या कृतींना विस्मृतीतून वाचवले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याने वाचवली ती वस्तू. तिचा मूळ अर्थ नव्हे. जो प्रेक्षक तिकीट काढून खरोखर भ्याला, त्याची साक्ष कोठेच नोंदलेली नाही. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या परंपरेला धरून प्रती व भित्तिपत्रके जपली पाहिजेतच. त्याबरोबर वितरकांच्या वह्या, प्रक्षेपक चालवणाऱ्यांच्या आठवणी आणि तालुक्याच्या गावच्या प्रेक्षकांची कथने यांचेही संकलन व्हावयास हवे. ती माणसे आज वार्धक्यात आहेत. त्यांचे बोलणे टिपून घेतले नाही, तर या चित्रपटांचा इतिहास केवळ हसणाऱ्यांचा इतिहास म्हणून उरेल.