दादांची दुनळी आणि फसली 1345

आमच्या घरी एक जुनी दुनळी बंदूक होती. घरात सांगितलं जायचं की ती अस्सल विलायती आहे, निजामाच्या कुणा बड्या अंमलदाराने दादांना, म्हणजे आजोबांना, बक्षीस दिलेली. गावात मात्र दुसरीच गोष्ट चालायची : ती रझाकारांची आहे. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण मराठवाड्यातल्या गावात वाढलेल्या मुसलमान पोराला न बोललेलंही ऐकू येतं.

अब्बा गेल्यावर बंदूक शहरातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. धाकटा भाऊ म्हणाला, सरकारजमा करून मोकळे होऊ, आपल्या घरात ती नको. ‘आपल्या’ या शब्दावर तो जरा थांबला होता. अम्मी म्हणाली, आधी किंमत तरी काढा.

माझ्या नावाने परवाना नाही, म्हणून मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि दुकानदाराने नळ्या दस्त्यापासून सोडवल्या. कारखान्याचं नाव कुठेच नव्हतं. नळ्यांमधल्या पट्टीवर इंग्रजीत ‘लॅमिनेटेड स्टील’ एवढंच कोरलेलं. आमची ‘विलायत’ ती बहुधा या दोन शब्दांत होती. “पाठीवरचं वाचू नका सर, पोट बघा,” म्हणत त्याने नळ्या उलट्या केल्या. खाली लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरं, त्याखाली तारा, वर मुकुट, आणि शेजारी खांबासारखी एक खूण.

ही खूण बेल्जियममधल्या लिएज शहराच्या तपासणीगृहाची. 1672 पासून तिथे नळ्यांत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात. फुटली नाही तर शिक्का. लंबगोलावर मुकुट आला 1893 मध्ये. 1922 पासून वर्षाचं अक्षरही ठोकू लागले. आमच्या बंदुकीवर मुकुट आहे, वर्षाचं अक्षर नाही. म्हणजे ती या दोन सालांच्या मधली. त्यातही ऑगस्ट 1914 मध्ये जर्मन फौजा लिएजमध्ये घुसल्या, त्यामुळे बहुधा त्याआधीची.

लिएजमध्ये उत्तम बंदुकाही बनत. पण स्वस्त मालाचा धंदा वेगळाच होता. व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यातल्या गावांत नळ्या घडत, घोडे आणि चाप दुसऱ्याच्या घरी, दस्ता तिसऱ्याच्या. हा बिननावाचा माल जगभर जाई आणि व्यापारी त्यावर हवं ते नाव कोरून घेत, शक्यतो इंग्रजी वाटेलसं. ज्यांना लंडन-बर्मिंगहॅमचा माल परवडत नसे त्यांच्यासाठी ही बंदूक.

किंमत? दुकानदार हसला. नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या. पुसल्यावर त्यांवर लहरी दिसतात. दिसायला सुंदर, पण त्या काळ्या दारूसाठी. बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा शिक्का त्यांवर नाही. काडतुसाचं घर 65 मिलिमीटरचं, आजची काडतुसं बहुतेक 70 ची. बार काढला तर हात जायचा. दस्ता कधीतरी तडकलेला, त्यावर पितळी तार गुंडाळलेली. शिवाय घेणाऱ्याकडेही परवाना हवाच. त्याने सांगितलेला आकडा ऐकून भाऊ म्हणाला, यात माझ्या गाडीचं टायरसुद्धा येणार नाही.

घरी आल्यावर मी जुन्या कागदांची पिशवी उघडली. तळाशी दादांचा परवाना होता, उर्दूत, शिकस्ता वळणाच्या घाईच्या अक्षरांत. अब्बा मराठी शाळेत शिकले, त्यांना उर्दू वाचता येत नव्हतं. म्हणून तो इतकी वर्षं नुसता घडी घालून जपलेला. माझं पोटच उर्दू-मराठी शिकवण्यावर चालतं, तरी मलाही दोन संध्याकाळी लागल्या.

साल फसली 1345. त्यात 590 मिळवा : 1935-36. पेशा : काश्तकार. बंदूक जुनी, खरेदी केलेली. बक्षिसाचा उल्लेख नाही. कारण : रानडुकरांपासून पिकाची राखण. कासिम रझवी रझाकारांचे म्होरके झाले ते त्यानंतर दहाएक वर्षांनी, 1946 च्या सुमारास. परवान्याच्या पाठीवर दरवर्षीचं नूतनीकरण आहे, आणि सप्टेंबर 1948 नंतरच्या नोंदीत बंदूक ठाण्यात जमा. पुढे ती परत मिळाल्याची नोंद इंग्रजीत आहे, वेगळ्या शाईत. म्हणजे नव्या सरकारनेच ती दादांच्या हाती पुन्हा दिली होती.

खरं सांगू, अंमलदाराची गोष्ट गेल्याचं मला थोडं वाईटही वाटलं. लहानपणी ती मी शाळेत फुशारकीने सांगितली होती.

परवान्याचं मराठी करून मी एक प्रत गावी नेली. शेजारच्या पाटील काकांनी चष्मा लावून दोनदा वाचली. ते नव्वदीला टेकलेत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डुकरं आमच्या जवारीतबी यायची मास्तर. तुझा आजा आमच्या माळ्यावर रात्र काढायचा. भाकरी माझी आई न्यायची.”

मी विचारलं, मग हे आजवर का नाही सांगितलं?

“कुणी इचारलंच न्हाई,” ते म्हणाले, आणि प्रत घडी करून खिशात ठेवली.