घरच्या सुईची मुखपट्टी

तोंडावर कापड बांधण्याची चाल भारतात रोगाच्या भयाने आलेली नाही. स्थानकवासी जैन साधू मुहपत्ती बांधतात, ती बोलताना हवेतील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. पारशांचे धर्मगुरू पवित्र अग्नीपुढे पांढरे ‘पदान’ बांधतात, ते आपल्या श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून. दोन्ही ठिकाणी जपावयाचे ते दुसऱ्याला. वैद्यकशास्त्र ह्या विचाराशी फार उशिरा येऊन पोहोचले. बोलताना व खोकताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरतात, हे ब्रेस्लाऊ येथे कार्ल फ्लूगे यांनी दाखवून दिले. आणि १८९७ साली तेथीलच शल्यविशारद मिकुलिच हे तोंडाला जाळीदार कापडाची पट्टी बांधून शस्त्रक्रिया करू लागले. ती पट्टीही रुग्णाच्या रक्षणासाठी होती, वैद्याच्या नव्हे.

त्याच सुमारास मुंबई प्लेगने ग्रासली होती. १८९६ साली मांडवी भागात हा रोग ओळखला तो डॉ. आकासियो व्हिएगस यांनी. बार्देशातील हडफडे हे त्यांचे जन्मगाव. परंतु तो गाठीचा प्लेग होता, उंदरांवरील पिसवांनी पसरणारा. त्याच्यापुढे मुखपट्टीचे काही चालण्यासारखे नव्हते. श्वासावाटे पसरणारा प्लेग १९१० च्या अखेरीस मांचुरियात उसळला, तेव्हा पेनांग येथे जन्मलेले व केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांना हार्बिनला धाडण्यात आले. हा रोग माणसाच्या श्वासातून माणसाला होतो, असे त्यांनी सांगितले आणि जाळीच्या कापडात कापसाचा थर घालून त्याच्या पट्ट्या वापरात आणल्या. मेनी नावाच्या एका वडीलधाऱ्या फ्रेंच वैद्याला हे पटले नाही. ते पट्टीवाचून रुग्णांजवळ गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगाने दगावले. त्यानंतर हार्बिनमध्ये पट्टीला नावे ठेवण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही. साथीने साठ हजारांच्या आसपास बळी घेतले व १९११ च्या वसंतात ती शमली. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएंझात, ज्याला महाराष्ट्राने ‘मानमोडी’ म्हटले, सॅन फ्रान्सिस्को शहराने मुखपट्टी कायद्याने सक्तीची केली.

शंभर वर्षांनी हीच सक्ती गोव्यात आली. पेडणे आणि डिचोली हे उत्तरेकडील तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. नंतर ते पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादी’त गेले. सीमा राजकारणाने आखली, सोयरीक तशीच राहिली. पत्रादेवीच्या आणि दोडामार्गच्या नाक्यांवरून माणसांची ये-जा कधी थांबली नव्हती. ती मार्च २०२० मध्ये थांबली. २५ मार्च रोजी गोव्यात कोविडचे पहिले तीन रुग्ण आढळले. टाळेबंदी इतकी कडक होती की, आरंभीचे काही दिवस किराणा मिळणेही दुरापास्त झाले. बाजारात मुखपट्ट्यांचा तुटवडा होता, आणि ज्या होत्या त्या इस्पितळांतील डॉक्टर-परिचारिकांना अधिक हव्या होत्या. अशा वेळी केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी मुखपट्टी कशी शिवावी, ह्याची पुस्तिका प्रसिद्ध केली. एप्रिलमध्ये गोव्यात सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी बंधनकारक झाली.

कापडाचे थरावर थर घालून शिवण्याची विद्या कोकणपट्टीतील घरांना नवी नव्हती. जुन्या लुगड्यांची वाकळ आणि बाळंतविड्यातील दुपटी ह्याच विद्येची अपत्ये. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागला. वापरून विरलेले, मऊ झालेले लुगडे तान्ह्या मुलाच्या अंगाला उत्तम. मुखपट्टीला मात्र ते कुचकामाचे. कापड दिव्यासमोर धरले असता प्रकाश सहज आरपार येत असेल, तर तुषारही तसेच जाणार. म्हणून घट्ट विणीचे सुती कापड घ्यावयाचे, त्याचे निदान दोन आयताकृती थर एकमेकांवर ठेवून तीन चुण्या घालावयाच्या, चुण्यांची तोंडे खाली ठेवावयाची म्हणजे त्यांत धूळ साचत नाही, आणि कडांना टीप मारून नाड्या लावावयाच्या. शिवणयंत्र नसल्यास धावदोरा चालतो. इलास्टिक नसले तरी अडत नाही. कापडाची नाडी मानेमागे बांधली म्हणजे पट्टी गालांवर बसते. गालांशी फट राहिली की, थर कितीही असोत, श्वास त्या फटीतूनच वाट काढतो. ५ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तीन थरांची शिफारस केली : आत ओल शोषणारे सूत, मध्ये गाळणीसारखा थर आणि बाहेर पाणी न धरणारे कापड.

धुण्याचा प्रश्न शिवण्याहून कठीण होता. पुस्तिकेने साबण, गरम पाणी आणि पाच तासांचे कडक ऊन सांगितले होते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन मुबलक. पण मृग लागल्यावर पेडण्या-डिचोलीत ते कोठून आणावयाचे? त्यावर त्याच पुस्तिकेत प्रेशर कुकरमध्ये दहा मिनिटे उकळण्याचा तोडगा होता. ओली पट्टी मात्र तोंडाला बांधणे व्यर्थच, तेव्हा घरटी दोन-तीन पट्ट्या शिवणे प्राप्त झाले. देशभरातील महिला स्वयंसहाय्य गटांनी शिवलेल्या मुखपट्ट्यांचे आकडे सरकारदरबारी नोंदले गेले. घरातल्या घरात, चूल सांभाळून जे शिवले गेले, ते मोजण्याजोगे काम आहे असे कोणाला वाटले नाही.

ह्या पट्टीची मर्यादाही लवकरच दिसली. विषाणू मोठ्या तुषारांतूनच नव्हे, तर हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतूनही पसरतो हे स्पष्ट झाले, आणि ते कण सुती विणीतून बरेचसे निसटतात. २२ जून २०२० रोजी गोव्यात पहिला मृत्यू झाला. मे २०२१ च्या आरंभी तर तपासलेल्या दर दोन नमुन्यांमागे जवळजवळ एक बाधित निघत होता. त्याच सुमारास बांगलादेशातील ६०० खेड्यांत एक मोठी चाचणी झाली होती. मुखपट्ट्या वाटून त्यांचा प्रसार केलेल्या गावांत लक्षणांसह होणारा संसर्ग काहीसा घटला, आणि शस्त्रक्रियेच्या पट्टीचा गुण स्पष्ट दिसला. कापडी पट्टीचा तितका निश्चित सिद्ध झाला नाही. त्यामुळे पुढे जाणकारांचा कल एन-९५ कडे झुकला. परंतु मार्च-एप्रिल २०२० मध्ये निवड कापडी पट्टी आणि एन-९५ ह्यांतील नव्हतीच. ती कापडी पट्टी आणि उघडे तोंड ह्यांतील होती.