बाबूराव पेंटर : पडद्याकडून पडद्याकडे

दिल्लीच्या पहाडगंज भागात, नवी दिल्ली स्थानकाजवळ, १९६१ साली ‘शीला’ चित्रपटगृह सुरू झाले आणि हिंदुस्थानात ७० मिलिमीटर चित्रपटाचा भव्य पडदा प्रथम तेथे लागला. नूतन मराठी विद्यालयामुळे त्या परिसरात मराठी कुटुंबांचा राबता जुनाच. त्या भव्य पडद्यामागचे सारे तंत्र परदेशी होते. मात्र त्याआधी चार दशके एका मराठी चित्रकाराने कोल्हापुरात कॅमेराच आपल्या हातांनी घडविला होता. बाबूराव पेंटर हे त्यांचे नाव.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात एका कारागीर घराण्यात झाला. ‘पेंटर’ हे नाव त्यांना व्यवसायाने दिले. आतेमामे-चुलत नात्यांच्या त्या गोतावळ्यातील बंधू आनंदराव यांच्यासह ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. राजवाडा असो की अरण्य, सपाट कापडावर खोली कशी भासवावी हे ज्ञान त्यांनी तेथे मिळविले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला आणि या बंधूंना हलत्या चित्राचा ध्यास लागला.

फाळके यांनी आपला कॅमेरा लंडनहून आणला होता. कोल्हापूरच्या या बंधूंना ते आवाक्याबाहेरचे होते. त्यांनी एक जुना प्रक्षेपक मिळविला, त्याची रचना अभ्यासली आणि स्वतःच कॅमेरा करावयास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. काम थांबले असते तर नवल नव्हते. परंतु बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते तडीस नेले, आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध झाला.

गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्य पुरविले, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या त्या काळात बाबूरावांनी त्यात स्त्रियांनाच उभे केले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. ‘सिंहगड’ या १९२३ च्या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तर देवादिकांना बाजूस सारून, कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. कथा हरिभाऊ आपटे यांची होती आणि तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

येथून या कारकिर्दीला वेगळे वळण लागते. चित्रपट मनाजोगता होईपर्यंत थांबणे हा बाबूरावांचा स्वभाव होता. कंपनीत शिकलेल्या तरुणांना मात्र स्वतःचे काही करावयाचे होते. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी बाहेर पडून, सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने, ‘प्रभात’ स्थापन केली. लवकरच बोलपट आले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, तो शिष्यांच्या हातून. गुरूंनी ‘उषा’ (१९३५), बोलका ‘सावकारी पाश’ (१९३६) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) असे चित्रपट केले, तरी आघाडीचे स्थान आता प्रभातकडे गेले होते.

म्हणून या जीवनास उतरती कळा म्हणावे काय? केवळ चित्रपटांची यादी पाहिली तर तसे वाटेल. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्धही नाहीत. पण १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा हिशेब कसा मांडावयाचा? पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला तो चित्रपट दामले-फत्तेलाल यांचा. आणि कॅमेऱ्याचे यंत्र, देखाव्याची मांडणी, प्रकाशाची जाण हे सारे त्यांनी बाबूरावांच्या कारखान्यात आत्मसात केले होते. विद्या दिली की ती घेऊन शिष्य दूर जाणार, हा धोका प्रत्येक गुरूला पत्करावा लागतो. बाबूरावांनी आपले कसब राखून ठेवले नाही, आणि त्याची किंमत त्यांच्याच कंपनीने मोजली.

१९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ आला, तो शांताराम यांच्या राजकमल संस्थेचा. त्याच्या दिग्दर्शनात बाबूरावांचे नाव शिष्याच्या नावासोबत आहे. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.