राखेतली पोर आणि हजेरीपट

सिंड्रेलाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतल्या पुस्तकातून, नाहीतर डिस्नेच्या १९५० सालच्या बोलपटातून ठाऊक असते. भोपळ्याची गाडी, काचेचा बूट, मध्यरात्रीचे ठोके. हा सारा साज शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ सालच्या पुस्तकातला. पेरो हा चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या हाताखाली वर्षानुवर्षे चाकरी केलेला गृहस्थ. त्याच्या कथेत मुलीला सर्व काही धर्ममाता देते. कथेला त्याने दोन तात्पर्ये जोडली आहेत. अंगी गुण असून भागत नाही, पाठीशी धर्मपिता किंवा धर्ममाता हवी, असे त्यांतले दुसरे सांगते. आपण याला वशिला म्हणतो. दरबारी नोकरीचा अनुभव वाया जात नाही तो असा!

पण ही गोष्ट पेरोची नव्हे. मारियन रोआल्फ कॉक्स या बाईंनी १८९३ साली लंडनमध्ये तिची ३४५ रूपे एका ग्रंथात गोळा केली. नेपल्सच्या बासीलेची नायिका तर पेटीचे झाकण पाडून सावत्र आईला ठार करते. आपल्या शेजारी कर्नाटकात हंची आहे. ती मातीचा मुखवटा चढवून घर सोडते. त्या कथेचा उगम सावत्र आईच्या छळात नाही, सख्ख्या भावाच्या वाईट नजरेत आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती चिनी कथा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी ती आर्थर वेली यांच्या १९४७ सालच्या इंग्रजी भाषांतराच्या आधारे, शब्दकोश उशाशी ठेवून वाचली. नवव्या शतकात दुआन चंगशी या विद्वानाने ती लिहून ठेवली, म्हणजे पेरोच्या आधी आठशेहून अधिक वर्षे. ये-शिएन ही पोरकी मुलगी लाकडे तोडते, खोल विहिरीचे पाणी भरते. तिने एक इवलासा मासा स्वतःच्या घासातला घास घालून वाढवला. सावत्र आईने तो मारून खाल्ला आणि हाडे उकिरड्यात पुरली. तीच हाडे पुढे मुलीला मागेल ते देतात. इथे धर्ममाता नाही. जे मिळते ते तिने पोसलेल्या जीवाकडून.

पुढे सोन्याचा जोडा हरवतो, राजा मुलगी शोधून काढतो, लग्न होते. आपल्या ओळखीची गोष्ट इथे संपते. चिनी कथा संपत नाही. राजा हाडांकडे हावरटासारखा मागतच राहतो. वर्ष उलटते आणि हाडे देईनाशी होतात. मग तो ती मोत्यांसह समुद्रकाठी पुरून टाकतो. पुढे सैन्य बंड करते, तेव्हा शिपायांच्या खर्चासाठी तो ठेवा उकरावा असे त्याच्या मनात येते. पण एका रात्रीत भरतीचे पाणी सारे घेऊन जाते. राजाच्या लग्नानंतर शिपायांच्या पगाराची गोष्ट काढणारी दुसरी परीकथा माझ्या वाचनात नाही.

माझे निम्मे आयुष्य हजेरीपटावर नावे चढवून घेण्याच्या भांडणात गेले. कंत्राटदाराच्या वहीत नाव नसले की दहा वर्षे राबलेला माणूस कारखान्यात कधी आलाच नव्हता असे ठरते. म्हणून दुआनच्या लेखातल्या शेवटच्या ओळींपाशी मी थांबलो. ही हकीकत आपल्या घरच्या जुन्या नोकराने, ली शियुआनने सांगितली, असे तो लिहितो. तो मूळचा दक्षिणेतल्या युंग प्रांतातला, गुहांच्या मुलखातला, आणि तिकडच्या पुष्कळ अद्भुत गोष्टी त्याला आठवत, एवढेही नोंदवतो.

याच्या जवळजवळ साडेनऊशे वर्षांनंतर, १८१२ साली, जर्मनीत ग्रिम बंधूंनी आपली कथा छापली. तिच्यात मुलगी आईच्या थडग्यावर झाड लावते, ते आसवांनी वाढते, आणि राखेत ओतलेले धान्य पाखरे तिला निवडून देतात. पेरोपेक्षा हे चीनच्या जवळचे. ही गोष्ट त्यांना मारबुर्गच्या एलिझाबेथ रुग्णालयातल्या एका वृद्धेकडून मिळाली, असे अभ्यासकांनी पुढे शोधून काढले. ग्रिम बंधूंच्या छापील टिपांत मात्र हेस प्रांतातल्या तीन कथनांचा उल्लेख तेवढा आहे. त्या बाईचे नाव नाही.